घराभोवती कमी देखभालीची झाडं: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या घरांसाठी प्रश्नोत्तरे

कमी देखभालीची झाडं म्हणजे कोणती? एक यादी द्याल का?

एकच यादी सगळ्यांना लागू पडत नाही, अडचण तिथेच आहे. कणकुंबी-आमगावकडे वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बेळगाव शहरात साधारण 1200 च्या आसपास, आणि अथणी-रायबागेत 500-600 वर वर्ष काढावं लागतं. जिल्हा एक, पण खानापुरात जे आपोआप वाढतं ते अथणीत रोज बादली मागतं. अथणीत वर्षानुवर्षं तग धरलेला निवडुंग कणकुंबीत आषाढातच सडतो.

म्हणून झाड दोन कसोट्यांवर निवडायचं. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर टिकतं का, आणि शिमग्यापासून मिरगापर्यंतची कोरड निभावतं का. दोन्हींत पास होणारी झाडं मोजकी आहेत: कण्हेर (ती मुळात ओढ्या-नदीकाठचीच, त्यामुळे तिला पूरही माहीत आणि कोरडं पात्रही), निर्गुडी, अडुळसा, तगर, गावठी तांबडी जास्वंद, कोरांटी. थोडी जागा उंच करून दिली तर पांढरा चाफाही.

यापेक्षा सोपा उपाय हवा असेल तर एप्रिल महिन्यात आपल्याच गल्लीत एक फेरी मारा. एखादं घर बऱ्याच दिवसांपासून बंद असेल, तर त्याच्या कंपाउंडात जे अजून हिरवं आहे ती तुमच्या जागेची खरी यादी.

आणि अजिबात देखभाल न मागणारं झाड नसतं. पहिलं वर्ष प्रत्येकाला पाणी द्यावंच लागतं. सूट मिळते ती दुसऱ्या पावसाळ्यानंतर.

आमची जमीन काळी आहे. तांबड्या मातीतली झाडं चालतील का?

काही चालतील, काही नुसतीच जगतील. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडची जांभ्यावरची तांबडी माती आम्लधर्मी असते आणि पाणी पटकन सोडते. अथणी, चिकोडी, गोकाक, बैलहोंगलकडची काळी माती उलट स्वभावाची. पावसात चिकट गोळा होते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ती अल्कधर्मी असते.

याचा सगळ्यात जास्त फटका एक्झोऱ्याला बसतो. बेळगावात बंगल्याबंगल्यासमोर लालभडक गुच्छांनी भरलेली झुडपं बघून लोक तीच अथणीला नेतात. वर्षभरात पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत मुळांना ते घेता येत नाही. खतं घालून हे तात्पुरतं दबतं, पुन्हा येतं. त्यापेक्षा काळ्या जमिनीत तगर, कण्हेर, बोगनवेल, मेंदीचं कुंपण, गवती चहा लावा आणि एक्झोऱ्याचा नाद सोडा. फारच आवडत असेल तर तांबडी माती आणून एका कुंडीत ठेवा.

काळ्या जमिनीत वाफा करताना खड्डा खोल खणून त्यात चांगली माती भरायची, अशी एक पद्धत आहे. ती टाळा. आजूबाजूची काळी माती पाणी धरून ठेवते, खड्डा हौदासारखा भरतो आणि मूळ कुजतं. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, कडेला चिरे किंवा विटा लावा. एवढ्यावर अर्धं काम होतं.

उत्तरेकडच्या भिंतीला ऊन येत नाही. तिथे सावलीतलीच झाडं लावायची ना?

वर्षातले आठ-नऊ महिने हो. पण बेळगाव साधारण 15.85 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. जून-जुलैत ढग असतात म्हणून ते जाणवत नाही, पण मे महिन्यात पाऊस यायच्या आधी उत्तरेच्या भिंतीवरही चांगलं ऊन पडतं. सावली समजून ठेवलेली नाजूक फर्न आणि कॅलाडियम नेमकी तेव्हा करपतात. उत्तरेला अडुळसा, क्रोटन, स्पायडर लिली, अबोली अशी दोन्ही सोसणारी झाडं बरी.

दक्षिणेच्या बाजूला हिवाळाभर तिरपं ऊन असतं. शेवंती, झेंडू यांना ती जागा द्या. पश्चिम भिंत सगळ्यात अवघड. पावसाळ्यात वारा-पाऊस थेट तिच्यावर येऊन आदळतो, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर तीच भिंत तापलेल्या तव्यासारखी होते. तिथे बोगनवेल, कण्हेर, पांढरा चाफा याशिवाय दुसरं सुचवणार नाही.

कुंडी बरी की जमीन?

जमीन असेल तर जमीनच. कुंडीत मूळ कोंडलेलं असतं, त्याला ओलावा शोधत खाली जाता येत नाही. त्यामुळे कुंडीतलं कुठलंही झाड जमिनीतल्या त्याच झाडापेक्षा जास्त काम मागतं. फाटकापासून पायरीपर्यंत पंचवीस लहान कुंड्या मांडलेली घरं दिसायला छान वाटतात, पण मे महिन्यात त्या घरातल्या कुणालाही दोन दिवस गावाला जाता येत नाही.

कुंड्याच ठेवायच्या असतील तर थोड्या आणि मोठ्या ठेवा. आठ इंची सहा कुंड्यांपेक्षा अठरा इंची दोन कुंड्या कमी वेळा पाणी मागतात. गच्चीवर मात्र वजनाचा विचार करा. बारा इंची कुंडी पाण्याने भिजली की वीस ते तीस किलो भरते. मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत किंवा बीम असेल त्या रेषेवर ठेवाव्यात.

कुंडीत काय भरायचं?

दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. खानापूरकडे वाळूऐवजी थोडं भाताचं तूस घातलं तरी माती मोकळी राहते. नुसत्या कोकोपीटमधली नर्सरीची रोपं हलकी आणि टवटवीत दिसतात, पण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की लवकर पाणी पीत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मध्ये गोळा कोरडाच राहतो.

शेणखत कच्चं नको. वळवाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगे बाहेर पडतात आणि कच्च्या शेणात त्यांची पिलावळ आनंदाने वाढते. उसाच्या शिवारात हुमणी काय करते ते इकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कुंडीत ती मुळं खाते आणि झाड उगाच मान टाकतं. कारखान्याची मळी वापरत असाल तर तीही कुजलेलीच घ्या.

भोक बुजू नये म्हणून तळाला खापराचा एक तुकडा पुरे. चार इंच खडीचा थर देण्याची गरज नाही, त्याने मुळाची जागा फुकट जाते.

पाणी किती दिवसांनी द्यायचं? नळाला पाणी रोज येत नाही.

जमिनीतल्या झाडांना रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्या. थोडं थोडं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं आणि मुळंही तिथेच घुटमळतात. मग एक दिवस चुकला की झाड कोमेजतं. खोल पाणी मिळालं की मूळ खाली जातं.

त्यावर आच्छादन घाला. कमी देखभालीत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होत असेल तर याचा, आणि नेमकं तेच लोक करत नाहीत, कारण अंगण झाडून लख्ख ठेवायची आपल्याला सवय. चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसाचं पाचट फुकट मिळतं. ते जाळण्याऐवजी दोन-तीन इंच थर वाफ्यावर टाका. खानापूरकडे पालापाचोळा आणि तूस आहेच. खोडाला मात्र थर भिडवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा. आच्छादनाने तण कमी उगवतं, आणि पावसात तांबडी माती उडून भिंतीवर जे डाग पडतात तेही थांबतात.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल तर मडकं पुरा. खानापूर मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, तिथलं साधं, चमक नसलेलं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत वाफ्यात पुरायचं, पाण्याने भरायचं आणि झाकण ठेवायचं. पाणी भिंतीतून झिरपत राहतं आणि भोवतीच्या दोन-तीन झुडपांना पुरतं. झाकण विसरू नका, नाहीतर डासांची सोय होते.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसतात, अरेका पामची टोकं जळतात. अशा ठिकाणी पावसाळ्यात कुंड्या छपराखाली न ठेवता उघड्यावर ठेवा. पावसाच्या पाण्याने साचलेला क्षार धुऊन जातो.

आम्ही पुण्याला असतो, घर निपाणीजवळ गावी. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातच येणं होतं. काही लावावं का?

लावा, पण कुंडी एकही नको. शेजारच्या काकूंच्या भरवशावर कुंड्या सोडून जाणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जमिनीत पांढरा चाफा, कण्हेर, निर्गुडी, बोगनवेल, कोरफड. पहिल्या उन्हाळ्यात मात्र कुणाला तरी सांगून आठवड्याला एकदा पाणी घालण्याची सोय करावी लागेल, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. त्यानंतर झाडं आपलं आपण बघतात. चाफा हिवाळ्यात सगळी पानं गाळून उघडा होतो, तो मेला समजून तोडू नका. फांदीत पाणी साठवून तो गप्प बसलेला असतो.

दिवाळीला आलात की छाटणीचं काम उरकून घ्या. आणि भिंतीच्या फटीत, गच्चीच्या पन्हाळीत पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेलं पिंपळाचं किंवा उंबराचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा. बंद घराला या रोपांइतका त्रास दुसरं कुठलंच झाड देत नाही.

कौलांच्या वळचणीखाली काहीच टिकत नाही. तिथे काय करावं?

पागोळ्या जिथे पडतात ती रेषा झाडासाठी नाहीच. पाण्याच्या माऱ्याने माती उडते आणि मुळं उघडी पडतात. त्या रेषेवर एक फूट रुंद खडीचा किंवा गोट्यांचा पट्टा करा. त्याच्या पुढे स्पायडर लिली, कर्दळ, अळू. आतल्या बाजूला, भिंत आणि पागोळ्या यांच्या मधल्या पट्ट्यात, पाऊस पोचत नाही. तिथे कोरफड आणि स्नेक प्लांट अगदी पावसाळ्यातही सुखाने राहतात. एकाच छपराखाली चार हातांवर दोन वेगळी हवामानं असतात म्हणायला हरकत नाही.

देवाला रोज फुलं हवीत. कमी कटकटीत काय मिळेल?

तांबडी गावठी जास्वंद आणि पांढरी तगर. ही दोन झाडं असली की वर्षातले बहुतेक दिवस परडी रिकामी राहत नाही. जास्वंद घेताना एकेरी पाकळ्यांची, साधी, फांदी लावून येणारी घ्या. तळहाताएवढ्या, दोन-तीन रंगांच्या संकरित जास्वंदी सुंदर असतात, पण त्यांना किडी लागतात, पावसात कळ्या गळतात आणि दोन-तीन वर्षांत बऱ्याचदा जातात.

अबोली अर्ध्या सावलीत चालते. आपल्याकडे नर्सरीत कनकांबर म्हटलं तर लवकर हातात पडते. मोगऱ्याला दरवर्षी हिवाळा संपता संपता छाटणी लागते, तेवढं केलं तर उन्हाळाभर फुलतो. दारात पारिजातक असावा असं अनेकांना वाटतं. तो लावा, पण पायवाटेवर नको. पावसात खाली पडलेली फुलं पायाखाली येऊन चिकट होतात.

सदाफुलीचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. कोरड्या भागात ती खरंच न मागता येते आणि आपल्याच बियांनी पसरते. खानापूरच्या पावसात मात्र तिचं मूळ कुजतं, तिथे ती छपराखालच्या कुंडीतच ठेवावी.

गुलाब या यादीत बसत नाही. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके, नंतर छाटणी, फवारणी, खत. आवड असेल तर जरूर लावा, पण ती वेगळी नोकरी आहे.

बोगनवेल नुसतीच वाढते, फुलत नाही. काय चुकतंय?

लाड जास्त होत आहेत. बोगनवेलीला थोडी तहान लागल्याशिवाय ती रंगात येत नाही. रोज पाणी, नत्राचं खत किंवा सावली, यांतलं काहीही असलं तर पानंच येतात. रंगीत दिसतात ती खरं तर फुलं नव्हेतच, फुलाभोवतीची पानं. मधलं बारीक पांढरं नळीसारखं असतं ते फूल. पाऊस संपला की, साधारण दसऱ्याच्या सुमाराला, लांब फोक छाटा आणि पाणी तोडा. पान जरा मलूल झालं की मगच द्या. दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर ती जागा तिची नव्हे.

घरात लहान मूल आहे, गोठ्यात जनावरं आहेत. कुठली झाडं टाळावीत?

कण्हेर वर इतक्यांदा सुचवली आहे, म्हणून हे नीट वाचा. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, वाळलेली पानंसुद्धा. उभ्या झाडाला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण छाटलेल्या फांद्या गवतात मिसळून गोठ्यात गेल्या तर म्हैस दगावू शकते. छाटणी पुरून टाका, जाळू नका, धूरही वाईट. रस्त्याकडेला तर टाकूच नका. पिवळ्या बिट्टीच्या बिया पोरं खेळायला घेतात, त्याही तितक्याच धोक्याच्या. रांगतं मूल असेल तर या दोन्ही झाडांऐवजी तगर आणि जास्वंद लावावी.

घरात डिफनबेकिया नको. पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते. युफोर्बियाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घाणेरी खाऊन जनावरं आजारी पडतात आणि ती रानभर पसरते, तेव्हा रंगीबेरंगी फुलांना भुलून ती विकत आणू नका.

शेळ्यांचा त्रास असेल तर कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा. दोन्हींना शेळी सहसा तोंड लावत नाही.

फ्लॅटमध्ये ऊन कमी येतं. काय ठेवू?

स्नेक प्लांट, झीझी प्लांट, मनीप्लांट. झीझीच्या जमिनीतल्या गड्ड्यांत पाणी साठलेलं असतं, हिवाळ्यात महिनाभर विसरलात तरी चालतं. ही झाडं तहानेने मरत नाहीत, रोजच्या पाण्याने मरतात. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. आठवड्याला एकदा बश्या पालथ्या करून घासा.

लॉन लावावं का?

नको. पावसाळ्यात दर आठवड्याला कापायचं आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी पाजायचं, एवढं करून त्यावर बसायला वेळ उरत नाही. मोकळी जागा हवी असेल तर मुरूम ठोकून मध्ये फरशा बसवा. हरळी आपोआप येते, तेवढी पुरे.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर आलाय.

पिठ्या ढेकूण. आधी नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारून पाडा. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं पातळ साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. मुंग्या दिसत असतील तर त्यांची वाट आधी तोडा, कारण याच मुंग्या हे ढेकूण जपतात आणि एका फांदीवरून दुसरीवर पोचवतात.

निपाणीकडे तंबाखूचा काढा फवारायचा जुना रिवाज आहे. काढ्याने कीड मरते हे खरं, पण निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. देवाची फुलं आणि कढीपत्ता जिथे खुडायचा तिथे तो वापरू नका.

झुडपं लावली की साप येतात म्हणतात. स्नेक प्लांट लावला तर येत नाहीत हे खरं का?

स्नेक प्लांटचा सापाशी काही संबंध नाही, पानावरचे पट्टे तेवढे तसे. सापाला हाकलणारं झाडही नाही आणि बोलावणारंही नाही. तो उंदीर आणि बेडकांच्या मागे येतो आणि लपायला जागा मिळाली की थांबतो. झुडपांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून फूटभर काढून टाका, म्हणजे बुंधा दिसत राहील. भिंत आणि झुडूप यांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. फुटक्या कौलांचा ढीग आणि जळाऊ लाकडं वाफ्याशेजारी रचू नका. अंधारात फूल तोडायला जाताना बॅटरी घ्या.

लागवड कधी करावी? नर्सरीत रोप कसं पारखायचं?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात मिरगाचा पाऊस होऊन जमीन फूटभर भिजली की लावा. खानापूरच्या पश्चिमेला एक तर जूनच्या पहिल्या दिवसांत, नाहीतर थेट सप्टेंबरात. जुलैच्या मुसळधार पावसात लावलेलं रोप मूळ धरायच्या आत कुजतं. अथणी-रायबागेत पावसाचा जोर उशिरा असतो, तिथे ऑगस्ट-सप्टेंबर योग्य.

रोप घेताना फुलांनी लगडलेलं उचलू नका. त्यापेक्षा बुटकं, जाड खोडाचं, खालपासून फुटवे असलेलं घ्या. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन गोल फिरलेली असतील तर ते फार दिवस तिथेच पडून आहे. तगर, जास्वंद, कण्हेर, बोगनवेल, अडुळसा, निर्गुडी ही सगळी फांदीपासून येतात, त्यासाठी पैसे मोजायची गरजच नाही. जूनमध्ये शेजाऱ्याकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी मागून आणा, खालची पानं काढा आणि सावलीतल्या ओल्या मातीत तिरपी खोचा. चाफ्याची फांदी मात्र आणल्या आणल्या लावू नका. चीक सुकेपर्यंत चार-आठ दिवस सावलीत तशीच पडू द्या, मग लावा.